कपाटातले टाय कसे सांभाळावेत?



साडी कशी ठेवावी, तिची घडी कधी मोडावी, जरीला काय लागू देऊ नये, हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. पण त्याच कपाटात एका कोपऱ्यात पुरुषांचे टाय असतात. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, विचारतही नाही. म्हणून आज आम्ही टायबद्दल लिहायला बसलो आहोत. आम्ही म्हणजे आमच्या वयाच्या, सत्तरी ओलांडलेल्या बायका. आधी वडिलांचे टाय जागेवर ठेवले, मग नवऱ्याचे, मग मुलाच्या लग्नातला एक. त्यात जन्मभर नर्सिंग केलेले, त्यामुळे कापड, डाग आणि जंतू या तिन्हींकडे बघायची सवय लागलेली.

भारतात आपले लोक रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, गिरण्यांच्या कचेऱ्यांत नोकरीला असत. मुंबईच्या घामाच्या दिवसांतसुद्धा टाय लावून कामावर जाणारे आम्ही लहानपणी पाहिले. शर्ट दोनच असतील, पण टाय व्यवस्थित. शब्बाथला सिनेगॉगमध्ये जायचा टाय वेगळा, तो कचेरीला लावायचा नाही. संध्याकाळी टाय सुटला की दारामागच्या खुंटीवर, सकाळी पुन्हा गळ्यात. रोज हातात यायचा म्हणून डाग पडला की लगेच दिसायचा आणि शिवण उसवली की लगेच टाका पडायचा.

इथे आल्यावर टाय मागे पडला. उकाडा एवढा, आणि या देशाची रीतच उघड्या गळ्याची. मुलांनो, १४ मे १९४८ चा तेल अवीवचा फोटो तुम्ही शाळेत पाहिला असेल. बेन गुरियन राष्ट्राची घोषणा वाचत आहेत आणि त्यांनी गडद सूट आणि टाय घातला आहे. त्या समारंभाच्या आमंत्रणातच गडद रंगाचा सणाचा पोशाख करून यावे असे लिहिले होते. सांगावे लागले, यातच सगळे आले! पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन वॉशिंग्टनला एका मोठ्या समारंभाला बो टाय न लावताच गेले. मग त्यांच्यासाठी एक उसना आणला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी तो स्वतःच्या हाताने सरळ केला. थोड्याच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, राबिन यांचा खून झाला. हर्झल डोंगरावर अंत्यविधीच्या भाषणात क्लिंटन यांनी हीच टायची आठवण सांगितली. एवढीशी वस्तू, पण माणसाची आठवण तिला अशी चिकटून राहते.

आता आपल्याकडे टाय निघतो तो रोश हाशानाला, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतल्या नव्याच्या सणाला, कोणाच्या बार मित्झवाला, नाहीतर लग्नाला. वर्षाचे तीनशे पन्नास दिवस तो कपाटातच. रोजची वस्तू वापरानेच नीट राहते. पडून असलेल्या वस्तूची मात्र मुद्दाम काळजी घ्यावी लागते. आमचे सांगणे एवढेच आहे, पुढचा सगळा त्याचा तपशील.

टायच्या पोटात काय असते

चांगला टाय बहुतेक रेशमाचा असतो. त्याचे कापड सरळ कापत नाहीत, तिरके कापतात. शिंपी याला उरेब म्हणतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टाय बनवणाऱ्याने उरेब कापलेले तीन तुकडे जोडून टाय करायची पद्धत आणली, ती आजतागायत चालू आहे. उरेब कापडाला ताण दिला की ते लांबते आणि सोडले की परत जागेवर येते. पण महिनोन् महिने ताणातच राहिले, तर परत येत नाही. टाय सांभाळायचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

टायचे रुंद टोक उलटे करून बघा. आत एक सैल दोरा दिसेल. तो उसवलेला दोरा समजून कापू नका. सगळी पाठ त्याच दोऱ्यावर शिवलेली असते आणि ताण आला की टायला जागा मिळावी म्हणून तो मुद्दाम सैल सोडलेला असतो.

रेशमाच्या आत जाड अस्तर असते. ते पुष्कळदा लोकरीचे, नाहीतर लोकर मिसळलेले असते. इथे आपल्या धर्माचा प्रश्न येतो. लोकर आणि लिनन एकत्र असलेले कापड अंगावर घालू नये, असे तोरात सांगितले आहे (लेवीय १९:१९, अनुवाद २२:११). याला शातनेझ म्हणतात. टाय बाहेरून रेशमाचा दिसला तरी अस्तरात काय आहे ते वरून कळत नाही. ज्यांना हा नियम काटेकोर पाळायचा आहे त्यांनी जुना किंवा परदेशातून आलेला टाय शातनेझ तपासणाऱ्याकडून बघून घ्यावा. आत दुसरे अस्तर घालूनही मिळते.

टाय काढताना

बहुतेक टाय कपाटात खराब होत नाहीत, काढतानाच खराब होतात. दमून आलेला माणूस बारीक टोक धरून खस्सकन ओढतो. गाठ सुटते, पण कापड पिळवटते आणि आतला दोरा ताणला जातो. टाय ज्या क्रमाने बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडावा. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

काही जणांना गाठ तशीच ठेवून, सैल करून, डोक्यावरून टाय काढायची सवय असते. दर वेळी कोण बांधत बसणार! पण सहा महिने गाठीत राहिलेल्या रेशमाला कायमची घडी पडते आणि पुढे तिथेच ते विरते. शब्बाथचाही विचार आहे. त्या दिवशी कायम ठेवायची गाठ मारत नाहीत. त्याच दिवशी सोडायची टायची गाठ सर्वसाधारणपणे चालते असे रब्बी सांगतात. गाठ आठवडेच्या आठवडे न सोडणाऱ्यांनी आपल्या रब्बींना विचारावे.

याला एक अपवाद आम्ही नर्स म्हणून सांगतो. ज्यांचे हात थरथरतात, पक्षाघाताने एक हात गेला आहे, त्यांना बांधलेला सैल टाय डोक्यावरून घालता येऊ द्या. सिनेगॉगमध्ये स्वतःच्या हाताने तयार होऊन जाण्यात माणसाचा मान आहे. तो मान टायपेक्षा मोठा. फक्त दर वेळी तोच टाय नको. दोन-तीन ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

गुंडाळावा की टांगावा?

काढलेला टाय लगेच कपाटात कोंबू नका. एक दिवस मोकळ्या हवेत, उन्हापासून लांब, टांगून ठेवा. घाम वाळतो आणि बारीक सुरकुत्या आपोआप जातात. राहिलेल्या सुरकुतीसाठी आंघोळीच्या गरम वाफेत थोडा वेळ लटकवला तरी पुरते. इस्त्री फिरवू नका. टायच्या कडा गोल असतात, इस्त्रीने त्या पापडासारख्या चपट्या होतात.

आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा लागणार असेल तर टांगलेला चालतो, पण जाड गोल दांडीवर. तारेच्या हँगरची खूण उमटते. विणलेला टाय कधीच टांगू नये, तो स्वतःच्या वजनाने लांबतो. आणि महिनोन् महिने ठेवायचा असेल तर कुठलाही टाय गुंडाळून ठेवणे चांगले.

हे काम नातवंडांना द्या. मुलांनो, नीट वाचा. टाय टेबलावर लांब पसरा. हात धुतलेले हवेत. बारीक टोकाकडून गुंडाळायला सुरुवात करा, म्हणजे रुंद टोक शेवटी बाहेर राहते. आम्ही शिकत होतो तेव्हा बँडेज असेच गुंडाळायचो. फरक एवढाच की बँडेज घट्ट गुंडाळायचे आणि टाय सैल. मधल्या भोकात तुमची दोन बोटे गेली पाहिजेत. मग ती गुंडाळी मोज्याच्या खणात किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवा, एकावर एक दाबून नको. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. टाय गळ्यात घालून एकमेकांना ओढायचा खेळ कधीही खेळायचा नाही.

डबा कुठे ठेवायचा हे गावावर अवलंबून आहे. अश्दोदला, किरयात यामला समुद्राची दमट हवा. तिथे बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या टायला बुरशी येते. जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा घ्या आणि त्यात गुंडाळी ठेवा. औषधाच्या बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी डब्यात ठेवली तर चांगलेच, पण लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. दिमोना, बेर शेवाकडे हवा कोरडी, पण शरावच्या दिवसांत धूळ फटीतून आत येते. तिथे झाकण घट्ट हवे. उजेड सगळीकडेच वाईट. खिडकीसमोर टांगलेल्या टायचा रंग एका उन्हाळ्यात उडतो.

डाग

टाय म्हणजे जेवताना पुढे येणारा पहिला पाहुणा! आपल्या लग्नाचे जेवण म्हणजे नारळाच्या दुधाची आमटी, त्यात हळद. एका थेंबात तेलकट डाग आणि पिवळा डाग दोन्ही. अशा वेळी पाणी लावून चोळू नका. रेशमावर पाण्याचाच गोल डाग राहतो आणि चोळल्याने तिथली चमक जाते. कोरड्या रुमालाने वरच्यावर टिपून घ्या. मग साधी टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा. ती तेल ओढून घेते. सकाळी मऊ ब्रशने झटका. पिवळा रंग राहिलाच तर ड्रायक्लीनिंगला द्या आणि दुकानदाराला डाग कशाचा ते सांगा. हळदीला इथे कुरकुम म्हणतात, ते त्याला लगेच कळेल. कडा दाबून इस्त्री करू नको, हेही त्याच वेळी सांगा. डाग नसेल तर दर वर्षी ड्रायक्लीनिंगची गरज नाही. डाग असेल तर मात्र तसाच ठेवू नका. जुना होईल तसा तो पक्का होतो आणि किडीलाही तो आवडतो.

डांबराच्या गोळ्या नकोत

आता सगळ्यात महत्त्वाचे. कपड्याला भोके पाडतो तो उडणारा पतंग नाही, त्याची अळी. तिला लोकर आणि रेशीम दोन्ही लागतात, म्हणजे टाय तिला आतून बाहेरून गोड! यावर आपला जुना उपाय डांबराच्या गोळ्या. भारतातून आलेली ट्रंक उघडली की तोच वास यायचा. आम्हालाही तो वास आवडतो. डोळे मिटले की मुंबईचे घर समोर येते. तरीसुद्धा सांगतो, ज्या घरात तान्हे मूल येते-जाते त्या घरात या गोळ्या नकोत.

कारण असे. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एन्झाइम कमी असते. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि त्याचा त्रास मुलग्यांना जास्त होतो. एरवी मूल ठणठणीत असते. पण डांबराच्या गोळीतल्या नॅफ्थलीनचा संबंध आला की त्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात. गोळी तोंडात घातली तर धोका आहेच, पण गोळ्यांत ठेवलेले कपडे, पांघरुणे तान्ह्या बाळाला तशीच वापरल्यानेही असे झालेले आहे. कुर्दिस्तान आणि इराकहून आलेल्या ज्यू कुटुंबांत हा दोष बराच आढळतो. पूर्वी आपली लग्ने आपल्यातच होत. आता आपल्या सुना-जावई सगळ्या समाजांतले आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळे नातवंडांच्या रक्तात काय आहे ते आजी-आजोबांना माहीत असायला हवे. आईबापांना एकदा विचारून ठेवा. बाकला म्हणजे फूल या शेंगेचे दाणे आणि काही औषधेही अशा मुलांना चालत नाहीत.

मूल एकाएकी फिकट पडले, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट बघू नका. इस्पितळात न्या किंवा १०१ ला फोन करा आणि घरात डांबराच्या गोळ्या आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कापूरही बिनधोक समजू नका. लहान मुलाने गिळला तर झटके येतात.

मग किडीला काय करायचे? स्वच्छता हा पहिला उपाय. अळी अंधारात आणि न हलवलेल्या कपड्यांत वाढते, म्हणून वर्षातून दोनदा सगळे टाय बाहेर काढा. एकदा सुकोथ संपल्यावर, ठेवण्यापूर्वी. दुसऱ्यांदा पेसाखच्या साफसफाईत, नाहीतरी आपण तेव्हा घर उलटेपालटे करतोच. खण पुसा, टाय उलगडा, हवा द्या, पुन्हा गुंडाळा. वाळवलेल्या लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवली तर वास छान येतो, पण आत असलेली अळी तिने मरत नाही. कीड लागल्याची शंका आली तर टाय प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर टायला ओल सुटते. फ्रीझरमध्ये मटारशेजारी आजोबांचा टाय पाहून मुले हसतील, हसू देत.

टाय आणि इस्पितळ

हे थोडक्यात. टाय कोणी धूत नाही, पण तो सगळीकडे टेकतो. २००४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका इस्पितळात डॉक्टर मंडळींचे ४२ टाय तपासले, तेव्हा २० टायवर रोग पसरवू शकणारे जंतू सापडले. पहारेकऱ्यांच्या दहा टायपैकी एकावर. पुढे २००७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांनी रुग्ण तपासताना टाय लावू नये असे सांगितले. खाटेवर वाकलेल्या डॉक्टरांचा टाय पांघरुणावरून फिरताना ज्या नर्सनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटले नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना टाय घरी ठेवा.

गाठ

आता एक गोष्ट राहिली. आमच्यातल्या काही जणींच्या कपाटात असा एक टाय आहे की ज्याची गाठ नवऱ्याने मारलेली आहे. शेवटच्या सणाला लावला, सैल करून काढला, खुंटीवर ठेवला, आणि पुन्हा लावायची वेळ आली नाही. आम्हीही त्यातल्याच. वर आम्ही गाठ सोडा, गाठ सोडा असे इतक्यांदा सांगितले. त्या एका टायला तो नियम लागू नाही. घडी पडेल, पडू दे. गाठीच्या फाशात स्वच्छ सुती कापडाची जाड सुरळी घाला म्हणजे कापड मोडणार नाही. टाय डब्यात आडवा ठेवा, आणि हा असा का ठेवला आहे ते मुलांना सांगून ठेवा. नाही सांगितले तर एखादी कामसू सून चांगल्या मनाने तो सोडून, इस्त्री करून ठेवील. तिचा काय दोष?

पण त्या एकासाठी बाकीचे दहा टाय अडकवून ठेवू नका. रेशीम डब्यात कायमचे टिकत नाही आणि आपणही टिकत नाही. घर रिकामे करायला आलेल्या मुलांना कोणता टाय कुठला हे कळणार नाही आणि सगळे एका पिशवीतून जातील. म्हणून आत्ताच प्रत्येक गुंडाळीबरोबर कागदाची चिठ्ठी ठेवा. कोणाचा, कुठे घेतला, कोणत्या लग्नात लावला. टाचणीने लावू नका, टाचणी गंजून रेशमावर तपकिरी डाग पडतो. मग नातवाला बोलावून एक निवडू द्या.

आणि त्याला बांधायला शिकवा. मध्ये एका लग्नात चार तरुण मुलगे टाय हातात घेऊन उभे होते, एकालाही बांधता येईना. आजोबांचा उजवा हात चालत नव्हता. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या तोंडाने सांगितले, "रुंद टोक वरून घे. आता मागून. परत पुढून. आता गळ्यातून वर काढ आणि पुढच्या फटीत सोड. ओढ, पण हळू रे!" चौघांच्या गाठी चार तऱ्हेच्या झाल्या, पण झाल्या. ज्यांच्या घरी शिकवणारे आजोबा राहिले नाहीत तिथे आजीने शिकावे. आम्ही सत्तरीनंतर शिकलो. बँडेज बांधलेल्या हाताला अवघड जात नाही.

सर्वांना शालोम आणि चांगले आरोग्य लाभो.